सर्पगंधा आणि अप्पांचा राग

आमच्या घरातली सर्वांत शिस्तीची वस्तू म्हणजे माझी गोळ्यांची डबी. तिला सात कप्पे आहेत, सोमवार ते रविवार. सूनबाई दर रविवारी रात्री ती भरते आणि "बाबा, मंगळवारचा कप्पा बुधवारी उघडू नका हं," अशी ताकीद देते. नोकरीत असताना मंगळवारची फाइल मी बुधवारीच उघडत असे, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे! ब्लडप्रेशरची एक, साखरेची एक, रक्त पातळ ठेवणारी एक आणि या तिघींचं पोटात भांडण होऊ नये म्हणून चौथी. पूर्वी म्हातारपण आलं की लोक काशीला जात. आता केमिस्टकडे जातात. पुण्य किती लागतं ठाऊक नाही, बिल मात्र लागतं.

म्हातारपणावर औषध शोधायचा नाद जुनाच आहे. अश्विनीकुमारांनी च्यवन ऋषींना पुन्हा तरुण केलं, अशी कथा आहे. त्यांच्या नावाचा अवलेह आपण अजून थंडीत चाटतो. फक्त तारुण्याची आशा सोडून खोकला थांबला तरी पुरे म्हणतो.

साहेबाच्या मुलखातही हेच. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञानं विद्वानांच्या भरसभेत जाहीर केलं, की कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि आता मी जिने जवळजवळ धावत चढतो! झालं, जिकडेतिकडे त्या अर्काची मागणी सुरू झाली. पुढे कळलं, की पाण्यात काढलेल्या त्या अर्कात कामाचं द्रव्य जवळजवळ नव्हतंच. म्हणजे गृहस्थ जिने चढले ते औषधाच्या नव्हे, भरवशाच्या जोरावर. लोक त्यांना हसतात. मी हसत नाही. ज्या म्हाताऱ्याला अजून जिना चढावासा वाटतो, त्याचं निम्मं दुखणं तिथंच गेलेलं असतं.

पण याच्या उलटही होतं. औषध खरं असतं, गुणही येतो, आणि जिना चढायची इच्छाच जाते. हे मी आमच्या घरात पाहिलंय. त्यासाठी आधी सर्पगंधेची हकिगत सांगायला हवी.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. वेड्याला शांत करायला, झोप आणायला वैद्य तिची मुळी देत. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लिहिलं, की हिच्यानं ब्लडप्रेशरही उतरतं. मग आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रोग्यांवरचा अनुभव 1949 साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि जग जागं झालं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पीन वेगळं काढलं गेलं. 1957 साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याआधी ब्लडप्रेशरच्या रोग्याला बहुधा "मीठ सोडा, काळजी सोडा" एवढंच सांगत. मीठ एक वेळ सुटे. या एका मुळीनं कितीतरी माणसांचे झटके टाळले असतील. तिचं ऋण मान्य करूनच पुढचं सांगतो.

1967 च्या सुमारास आमच्या अप्पांना ब्लडप्रेशर निघालं. त्यात नवल नव्हतं. अप्पा हे चाळीतलं ज्वालामुखी पीठ होतं. सकाळी दूधवाल्याशी, नऊ वाजता वर्तमानपत्राच्या संपादकाशी (तो समोर नसला तरी), दुपारी शब्दकोड्याशी आणि संध्याकाळी आमच्याशी, असा त्यांचा भांडणाचा दिनक्रम होता. एका मोठ्या डॉक्टरांनी रिसर्पीनच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात पारा उतरला. तीन-चार महिन्यांत अप्पाही उतरले. दूधवाल्याला पाणी घालायची मुभा मिळाली. वर्तमानपत्राची घडी मोडेना. शब्दकोडं कोरं राहू लागलं. आम्ही सगळे हरखून गेलो. "अप्पा किती शांत झाले!" शेजारचे तर गोळीचं नाव लिहून घेऊन गेले. दिवसभर ते खिडकीशी बसत, आणि आम्ही म्हणत असू, वय झालं की माणूस असा निवतोच.

दीड वर्षानं धाकट्याला ताप आला म्हणून आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले. जाताना खिडकीशी थबकले. "काय अप्पा, आज अग्रलेख वाचलात?" अप्पा म्हणाले, "नाही." डॉक्टर आईकडे वळले. "वहिनी, हे शेवटचे भांडले कधी?"

आई आठवू लागली. "गणपतीच्या आधी... नाही, त्याच्याही मागच्या गणपतीच्या आधी." आणि हिशेब करता करता ती एकदम गप्प झाली.

मोठ्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी ती गोळी हळूहळू बंद केली, दुसरी सुरू केली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरापर्यंत आवाज आला, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" आईनं पदर डोळ्यांना लावला. जन्मात पहिल्यांदा ती चहाच्या निंदेनं रडली, आणि तीही आनंदानं!

पुढे एकदा मी भीतभीतच विचारलं. अप्पा म्हणाले, "कळत होतं रे सगळं. बोलावंसं वाटायचं नाही, जगावंसंही फारसं वाटायचं नाही. पण तुम्ही सगळे खूश दिसत होतात. म्हटलं, असू दे." ते "असू दे" मला अजून झोपू देत नाही. त्यावर गोळी नाही.

रिसर्पीननं काहींचं मन काळवंडतं, अशी नोंद अमेरिकेत 1954 सालीच छापून आली होती. आमच्या चाळीपर्यंत ती पोचली नव्हती. हा संबंध इतका सरळ नाही, असंही पुढच्या संशोधकांनी म्हटलं. असेल. 1991 साली मार्क बिअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत रिसर्पीनही आलं. कारण सोपं आहे: वयाबरोबर मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात जास्त वेळ मुक्काम ठोकतं, आणि जे तरुणाला मानवतं ते म्हाताऱ्याला बाधतं. म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नये, पण आपल्या मनाचं काय झालंय ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय राहूही नये. ब्लडप्रेशर मोजायला यंत्र आहे. खिडकीशी गप्प बसलेल्या माणसाला मोजायला घरचंच माणूस लागतं.

ही सगळी हकिगत मी सूनबाईला सांगितली आहे. परवा रात्री मी म्हणालो, "आमटीत मीठ नाही, आंबट नाही, हिला आमटी का म्हणायचं?" मुलगा रागावून काही बोलणार, तोच ती त्याला म्हणाली, "अहो, थांबा. बाबांची प्रकृती उत्तम आहे."

आणि मीठ मात्र दिलं नाही.