कंबर दुखते? आधी सांगा, काम कोणतं करता!

आजचा विषय कंबरदुखी. हो, तिलाही इतिहास आहे, आणि त्यात आपला भंडारा जिल्हा चांगलाच येतो.

१७०० साली इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरने कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक काढलं. त्यात बसून, वाकून काम करणारे शिंपी आणि चांभारही आहेत. डॉक्टरांना त्याचा सल्ला साधा होता: पेशंटला एक प्रश्न जास्तीचा विचारा, तुम्ही काम काय करता?

पुढे १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यामधली गादी सरकून नस दाबली जाते हे दाखवलं. तेव्हापासून कंबर दुखली की ‘गादी सरकली’ ठरलेलं. खरं तर दहापैकी नऊ जणांत दुखण्याचा एक नेमका भाग सापडतच नाही. म्हणून मला रामाझिनीचा प्रश्न जास्त कामाचा वाटतो.

तो आपल्याकडे विचारून बघा. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात तलाव बांधले, त्यांच्या भरवशावर इथलं धान. रोवणा बहुतेक बायाच करतात. चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावायचे, मागे मागे सरकायचं. वाकल्यावर गादीवरचा दाब वाढतो हे स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून मोजलं. आपल्या बायांना सुईची गरज नव्हती.

दुसरं काम विडीचं. मांडीवर सूप, मान खाली, पाठ गोल, तासन्‌तास. म्हणजे ‘बसून काम’ काही आम्हा आयटीवाल्यांनी शोधलेलं नाही! फरक एवढाच की मी कोड सोडून चहाला गेलो तर पगार कापला जात नाही. विडीची मजुरी हजारावर मिळते. उठलं की आकडा थांबला. रोवणा हुंड्यानं घेतला, म्हणजे एकराप्रमाणे ठरवून, तर तिथंही तेच. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात कारखान्यासाठी कामाचे तास होते, मधली विश्रांती होती. घरी सूप घेऊन बसलेल्या बाईचे तास कोण मोजणार? ‘दर अर्ध्या तासाने उठा’ हा सल्ला तिला फुकट पडत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. कंबरेसोबत पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मग रोवणा अर्धा राहिला तरी चालेल.