व्रताची थट्टा

आदिलाबादला आमच्या घरी ‘ब्रह्मचारी’ सिनेमाचं नाव निघालं की सासूबाई म्हणायच्या, “व्रताची कसली गं थट्टा?” आपल्या जैन घरात व्रत म्हणजे खेळ नव्हे, त्यामुळे मलाही ते पटायचं. पुढे सिनेमा पाहिला. १९३८ सालचा, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा. कथा आचार्य अत्र्यांची. दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. औदुंबर एक भाषण ऐकतो नि ब्रह्मचर्याची शपथ घेऊन मोकळा होतो. मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी ती डळमळवते. थट्टा व्रताची नाहीच, भरात घेतलेल्या शपथेची आहे.

तेव्हा हंगेरी-ऑस्ट्रियातही असे हसरे प्रेमपट निघत. हंगेरीच्या ‘मेशेऑतो’त, म्हणजे ‘परीकथेतली मोटार’मध्ये (१९३४), बँकेचा मोठा साहेब प्रेमापायी ड्रायव्हर होतो. त्यात लोकांना हसवणारा ग्युला काबोश ज्यू होता. १९३८ मध्येच हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, हंगेरीत ज्यूंविरुद्ध कायदा झाला. काबोशला देश सोडावा लागला. १९४१ मध्ये तो अमेरिकेत वारला.

आपल्याकडे मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावरून गहजब झाला, पण कुणाला देश सोडावा लागला नाही. बायांनो, थट्टा आवडली नाही तर नाक मुरडावं. हसवणाऱ्याला मात्र घराबाहेर काढू नये. सासूबाईंना एवढं सांगायचं राहूनच गेलं.