दक्षिण सातारा : एका पुसल्या गेलेल्या जिल्ह्याचं नाव आणि ‘आपलं’ असण्याचा प्रश्न



मागच्या वेळी आपण ‘ओळख’ या शब्दाचा तात्त्विक बाजूने विचार केला. तो थोडा कोरडा झाला असेल. म्हणून आज तोच प्रश्न जमिनीवर आणू या. आपली जमीन म्हणजे कृष्णाकाठची. वाईपासून हरिपूरपर्यंतचा जो पट्टा आहे, त्यातल्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं तर तो काय उत्तर देतो आणि तेच उत्तर का देतो, एवढाच आजचा विषय.

सोपं उत्तर गाडीच्या नंबरप्लेटवर असतं. एमएच ११ म्हणजे सातारा, एमएच १० म्हणजे सांगली. पण कराडची नवी गाडी पाहा, तिच्यावर एमएच ५० आहे. जिल्हा साताराच, पण आकडा वेगळा. आणि हा आकडा कराडची मंडळी किती प्रेमाने मिरवतात हे आपल्याला माहीत आहे. आरटीओच्या सोयीसाठी दिलेला आकडा चार-दोन वर्षांत अभिमानाचा विषय होतो. प्रशासन रेघ मारतं आणि माणसं त्या रेघेत भावना भरतात. ही गोष्ट आजची नाही. आपल्या भागात ती निदान तीनशे वर्षं चालू आहे.

सुरुवात साताऱ्यापासून करू. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढू लागलं. वारांच्या नावाच्या पेठा आल्या, यादोगोपाळ पेठ आली, चिमणपुरा आणि व्यंकटपुरा आले. म्हणजे सातारा हे शहर मुळातच राजधानी म्हणून घडलं. पुढे कारभार पुण्याला गेला, पण गादी इथेच राहिली. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून मिळत, ही जाणीव या शहराने कधी सोडली नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं आणि १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केलं. वारस नामंजूर करून डलहौसीने खालसा केलेलं हे पहिलं संस्थान. रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये या गादीसाठी झगडत राहिले. राज्य गेलं आणि ‘सातारा’ हे एका इंग्रजी जिल्ह्याचं नाव झालं. पण राज्य गेल्यावर राजधानीपणाची जाणीव कमी झाली का? उलट ती जास्त घट्ट झाली. जे हरवतं त्याची ओळख माणूस अधिक जपतो.

आता सांगली. सांगलीची गोष्ट अगदी उलटी आहे. जुनं आणि नामवंत गाव होतं मिरज. मिरजेचा किल्ला होता, ख्वाजा शमना मीरांचा दर्गा होता, बाजार होता. पटवर्धनांच्या घरात वाटणी झाली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून निघून कृष्णाकाठच्या एका लहान गावात आले. ते गाव म्हणजे सांगली. गणपती आला, गणेशदुर्ग आला, पेठ वसली. पण सांगली संस्थानचा नकाशा पाहिला तर आज गंमत वाटेल. मिरज प्रांत आणि कुची आपल्याजवळचे. मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात. तेरदाळ, शिरहट्टी आणि बेळगावचं शहापूर आज कर्नाटकात. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तेरदाळचा कन्नड बोलणारा शेतकरी सांगलीच्या राजाची रयत होता आणि सांगलीहून हाकेच्या अंतरावरचा बुधगावचा माणूस दुसऱ्या पातीची, धाकट्या मिरजेची. मग ‘सांगलीकर’ कोण?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू या. ज्या गोष्टीमुळे सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते ती पाहा. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत रंगवलं. पण त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली होती. ते खेळ पाहून आप्पासाहेबांनी भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. म्हणजे आपल्या ओळखीचा मोठा मानबिंदू पाहुण्यांनी पेरलेल्या बीजातून उगवला. त्याने तो कमी आपला होतो का? नाही. तो आपला आहे, कारण आपण तो वाढवला.

मिरजेच्या सतारीचं तसंच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. मिरजेचं काय? मिरजेचा आहे हात आणि कान. पिढ्यान्‌पिढ्या भोपळा कोरणारा हात आणि जवारी लावणारा कान. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण सांगलीच्या बाजारात हळद येते ती कर्नाटकातून, तेलंगणातूनही. हरिपूरच्या पेवांमध्ये साठवलेली हळद कुठल्या मातीत पिकली हे पेवाने कधी विचारलं नाही. वस्तूंच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपल्याला मूळ गाव, मूळ पुरुष, मूळ सातबारा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९४३ ते १९४६ या काळात आपल्या भागात प्रतिसरकार चाललं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव ‘सातारचं प्रतिसरकार’ असं आहे आणि ते बरोबर आहे. पण त्यातली माणसं पाहा. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. जी. डी. बापू लाड कुंडलचे. नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. ही तिन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. किसन वीर वाईकडचे, म्हणजे आजच्या सातारचे. मग हा लढा कोणाचा? सातारकर म्हणतात आमचा, कारण नाव आमचं. सांगलीकर म्हणतात आमचा, कारण माणसं आमची. दोघांचंही खरं आहे आणि दोघांचंही अपुरं आहे.

अपुरं का, ते कुंडलवरून कळतं. कुंडल तेव्हा ना सातारा जिल्ह्यात होतं, ना सांगली संस्थानात. ते औंध संस्थानात होतं. औंध म्हणजे बहात्तर गावांचं विखुरलेलं संस्थान. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. याच संस्थानाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच संस्थानाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने गावपंचायतींच्या हाती कारभार देणारी राज्यघटना केली. इंग्रजी मुलखातला भूमिगत कार्यकर्ता औंधच्या हद्दीत शिरला की इंग्रजी पोलिसांना त्याच्यामागे मोकळेपणाने जाता येत नसे. जी रेघ राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी मारली होती, तिचा उपयोग लोकांनी आपल्या सोयीसाठी केला. त्यांना रेघ ठाऊक होती, पण त्यांचं ‘आपण’ तिच्यावर अवलंबून नव्हतं. प्रतिसरकारचे न्यायनिवाडे गावात होत, ते गावाच्या भरवशावर. तिथे तू संस्थानी की खालसातला, हे कोणी विचारत नव्हतं.

मग स्वातंत्र्य आलं. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. दुसऱ्या वर्षी, १९४९ मध्ये, जुन्या सातारा जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे भाग आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचे तुकडे जोडून एक नवा जिल्हा तयार झाला. त्याचं नाव ठेवलं ‘दक्षिण सातारा’. मुख्य ठिकाण मात्र सांगली. आज पंचाहत्तरीच्या पुढची माणसं सोडली तर हे नाव कोणाच्या तोंडी नाही. पण अकरा वर्षं ते सरकारी कागदावर होतं. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव बदलून ‘सांगली’ झालं.

हे नाव का टिकलं नाही? आम्हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यात रस वाटतो. ‘दक्षिण सातारा’ हे नाव दिशा सांगतं, जागा सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या कशाच्या तरी खालच्या बाजूला आहात, एवढंच ते सांगतं. असं नाव घेऊन कोणी ‘आम्ही दक्षिण सातारकर’ असं म्हणणार नाही. पण ते नाव गेलं तेव्हा त्याच्याबरोबर एक खरी आठवणही गेली. ती म्हणजे वाळवा आणि कराड, शिराळा आणि पाटण, खानापूर आणि खटाव हे शंभर वर्षं एकाच कचेरीत जात होते, एकाच बाजारात भेटत होते.

यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण घ्या. जन्म १९१३, देवराष्ट्रे. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगली जिल्ह्यात. वाढले कराडात, समाधी कराडला प्रीतिसंगमावर. कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले कुंभोजला, कोल्हापूरकडे. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, आज सांगली जिल्ह्यातलं. रयत शिक्षण संस्था काढली १९१९ मध्ये काल्याला आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, आजच्या सांगलीतले, आणि आयुष्य काढलं मुंबईत. यांना जिल्हा लावायला गेलो तर प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन जिल्हे लिहावे लागतील. जयंतीच्या दिवशी मात्र प्रत्येक तालुका म्हणतो, ‘आमचे सुपुत्र’.

आता ‘कर’ या प्रत्ययाबद्दल बोलू. माडगूळच्या घरातला माणूस माडगुळकर होतो. पण खुद्द माडगुळ्यात राहून सगळ्यांनीच माडगुळकर म्हणवून घेण्यात काय अर्थ? गावाचं नाव आपल्याला चिकटतं ते वेशीबाहेर पडल्यावर, दुसऱ्यांच्या तोंडून. सातारकर मुंबईत गेल्यावर सातारकर होतो. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या होत्या. तिथे राहणारा पोरगा गावात असताना कुठल्या तरी भावकीचा होता, मुंबईत तो गावाचा झाला आणि हळूहळू जिल्ह्याचा. म्हणजे आपलेपणा हा मातीतून आपोआप उगवत नाही. दूर गेल्यावर आणि दुसऱ्यांत मिसळल्यावर तो आकार घेतो.

मराठीत एक सोय आहे जी पुष्कळ भाषांत नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ आहे आणि ‘आपण’ आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आम्ही मिरजकर’ हे वाक्य सांगलीकराला ऐकवण्यासाठी असतं. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महानगरपालिका झाली. नावात तिन्ही गावं ठेवावी लागली, एकही गाळता आलं नाही. आज पंचवीस वर्षांनंतरही मिरजेत तक्रार ऐकू येते की सगळं सांगलीला जातं, आणि कुपवाडमध्ये ऐकू येतं की सगळं त्या दोघांना जातं. याला आपण संकुचितपणा म्हणून हसतो. पण तक्रार रस्त्याची, पाण्याची, दिव्याची असते. जिथे वाटणी न्याय्य होत नाही तिथे ‘आपण’ फुटतं आणि त्याचे ‘आम्ही’ होतात. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली आणि २०२२ मध्ये तो वाद पुन्हा पेटला, तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवलं. खरं तर बोट पाइपलाइनवर ठेवायला हवं होतं.

आणि हे ‘आपण’ कुठवर ताणता येतं ते कृष्णाच आपल्याला दाखवते. महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस पडला की दोन दिवसांत सांगलीचा माणूस आयर्विन पुलावर पाण्याची फूटपट्टी बघायला जातो. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं आणि ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली. तेव्हा सांगलीकर कोयनेचे दरवाजे किती उचलले ते विचारत होते आणि अलमट्टीतून पाणी किती सोडलं तेही विचारत होते. म्हणजे सांगली साताऱ्याच्या खाली आहे आणि कर्नाटकाच्या वर. त्याच नदीचं पाणी टेंभूला, कराडजवळ, उचललं जातं आणि खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत पोचतं. कोयनेच्या धरणासाठी ज्यांची गावं बुडाली ती माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली. त्यांनी गाव दिलं म्हणून आपल्याकडे वीज आली. ते कुठले? कोयनाकाठचे की आता जिथे राहतात तिथले? त्यांच्या पोरांना अजून कोणी ‘धरणग्रस्त’ म्हणत असेल, तर त्या गावात ‘आपण’ हा शब्द अजून पोचलेला नाही असं समजावं.

शेवटची एक जुनी गोष्ट. मध्य प्रदेशात भरहूत येथे फार प्राचीन स्तूप होता, दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत एक दान करहाकट नगराचं आहे. करहाकट म्हणजे आपलं कराड. व्यक्तीचं नाव नाही, राजाचं नाव नाही, अख्ख्या गावाचं दान. इतक्या दूर, आपल्या नसलेल्या मुलखात, दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानासाठी एक गाव मिळून काहीतरी देतं आणि तिथे त्याचं नाव राहतं. कराडच्या ओळखीचा आपल्याला ठाऊक असलेला हा फार जुना कागद. तो हक्काचा कागद नाही, देण्याचा आहे.

तेव्हा आज इथे थांबताना श्रोत्यांना एक काम सांगतो. आपलं गाव १९४८ च्या आधी कुठे होतं ते शोधा. सातारा जिल्ह्यात, औंधात, फलटणात, जतेत, की पटवर्धनांच्या एखाद्या पातीत? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, जुने दस्त असतील तर काढा. आणि शेजारच्या गावाचंही तेच शोधा. बहुतेकांना असं आढळेल की ज्यांना आपण परके म्हणतो ते कधीतरी आपल्याच कचेरीतले होते. पुढच्या व्याख्यानात माणदेशाचा विचार करू. माण, खटाव, आटपाडी, सांगोला. तीन जिल्ह्यांत वाटला गेलेला, कुठल्याही कचेरीने न बनवलेला, तरीही लोकांच्या तोंडी टिकलेला मुलूख.