मागे उभा राहणारा

२०१९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. शिरगावला लईराईची जत्रा होती. दुपारी बहिणीकडे गेलो तर भाचा अंगात एफसी गोवाचं केशरी टीशर्ट घालून ओसरीवर बसलेला. त्या वर्षी गोव्यातली अर्धी पोरं तसलं टीशर्ट घालून फिरत होती, त्यात नवल नव्हतं. नवल पाठीवरच्या नावाचं होतं. मला वाटलं 'कोरो' असेल. फेरान कोरोमिनास म्हणजे सलग दोन हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये सर्वांत जास्त गोल मारणारा. पण तिथे लिहिलं होतं 'पेन्या'.

"अरे, हा कोण?"

"बॅक आमचा, मामा. तुम्ही मॅच बघता ना? मग बघा तो कुठे उभा असतो."

खरं सांगतो, तोवर मी कधी बघितलंच नव्हतं. आपण चेंडू बघतो. बॅक बहुतेक वेळ चेंडूपासून लांब असतो. भाच्याचं ते वाक्य डोक्यात राहिलं आणि त्यानंतर मी कार्लोस पेन्याची कारकीर्द थोडी हुडकून काढली.

पेन्याचा जन्म १९८३ चा, बार्सिलोनाचा. वाढला त्याच क्लबाच्या अकादमीत आणि मग बार्सिलोनाच्या 'ब' संघात. आता या अकादमीचं नाव घेतलं की आपल्याला मेस्सी आणि इनिएस्ता आठवतात. पण तिथून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य पेन्यासारखं असतं. मोठ्या दारातून आत गेलेला माणूस मागच्या दाराने बाहेर पडतो आणि मग गावोगाव पाल टाकत फिरतो, आमच्या दशावतारी मंडळींसारखा! पेन्या अल्बासेतेला गेला, रेक्रेआतिवोला गेला. रेक्रेआतिवो हा वेल्व्हा गावचा स्पेनमधला सर्वांत जुना क्लब. तिथल्या तांब्याच्या खाणींवर आलेल्या इंग्रजांच्या नादातून तो १८८९ साली निघाला. खाण आणि फुटबॉल ही जोडगोळी काही आपल्या एकट्याची नाही, हे लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

त्याची खरी वर्षं वायादोलिदमध्ये गेली. २०१२ साली हा संघ वरच्या श्रेणीत चढला, दोन हंगाम टिकला आणि २०१४ ला पुन्हा खाली आला. म्हणजे पेन्याने मेस्सी आणि रोनाल्डोच्या लीगमध्ये बॅक म्हणून उभं राहून पाहिलं, आणि बुडणाऱ्या होडीतून पाणी उपसूनही पाहिलं. २०१८ मध्ये पस्तिशीला टेकलेला हा माणूस गोव्यात आला. सर्जिओ लोबेरा तेव्हा इथे प्रशिक्षक होता. लोबेराचा संघ सगळा पुढे धावणारा. अशा संघात मागे राहणाऱ्याचे हाल विचारू नका. पेन्या आणि सेनेगलचा मुर्तादा फॉल हे दोघे स्टॉपर. उजवीकडे सेरिटन फर्नांडिस, डावीकडे मंदार राव देसाई, आपलीच मुलं. फॉल उंचापुरा, दांडगा, कॉर्नरला पुढे जाऊन गोलसुद्धा मारून येणारा. पेन्या तसा नव्हता. पाय जड झालेले होते, पण डोकं दोन पावलं पुढे. चेंडू यायच्या आधीच तो तिथे असायचा, त्यामुळे त्याला लोळण घेऊन टॅकल करावा लागायचा नाही. टाळ्या लोळणाऱ्याला पडतात!

त्या हंगामात उपान्त्य फेरीत मुंबईला मुंबईतच ५-१ हरवलं. १७ मार्च २०१९ ला बेंगळुरूविरुद्ध अंतिम सामना झाला. जादा वेळेत आपला अहमद जाहू बाहेर काढला गेला, दहाजण उरले आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेने डोक्याने गोल मारला. टायब्रेकर तीन मिनिटांवर होता. एप्रिलमध्ये भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ हरवून सुपर कप आणला, ती भाच्याच्या टीशर्टाची वेळ.

पुढचा हंगाम आणखी गंमतीचा. १८ सामन्यांत ३९ गुण मिळवून गोवा पहिला आला, लीग शील्ड पहिल्यांदा दिली गेली ती आपल्याला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब आपला ठरला. (नंतर उपान्त्य फेरीत चेन्नईयिनने एकूण ६-५ ने घरी पाठवलं, ते सोडा.) २०२१ च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये गोव्याने कतारच्या अल रय्यानला ०-० ने रोखलं, मग अल वाहदालाही ०-० ने. दोन बलाढ्य संघांना एकही गोल नाही! पण ज्याने ते दार उघडायला हातभार लावला तो पेन्या त्या मैदानावर नव्हता. २०२० सालीच त्याने बूट काढून ठेवले होते. त्याच्या जागी दुसरा स्पॅनिश बॅक होता, मालागाकडचा इव्हान गोन्सालेस.

आता शिरगावच्या माणसाने बार्सिलोनाच्या बॅकचं कौतुक कशाला करावं, असं कोणी म्हणेल. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ साली शिवोलीत आलेल्या विल्यम लायन्स या पाद्रीने. पोर्तुगिजांनी नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो खेळ बार्देश आणि सासष्टीत रुजला. आमच्या डिचोली-पेडण्यात जत्रा, काला, नाटक यांनाच गर्दी. तरी फुटबॉलचा पैसा मात्र आमच्या बाजूने गेला. साळगावकर, देंपो, सेझा ही नावं क्लबांची होण्याआधी खाणींची. साळगावकरने १९८८ आणि १९८९ ला फेडरेशन कप आणला, देंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. त्या देंपोच्या पाठीला समीर नाईक आणि महेश गवळी. गवळी तर २००३ मध्ये जकार्तात आसियान कप जिंकलेल्या ईस्ट बंगालचाही बॅक. तेव्हाही पेपरात फोटो यायचे ते रांटी मार्टिन्सचे. गोल तो मारायचा ना!

शिरगावच्या विहिरी आटल्या, मळ्यांत लाल चिखल भरला आणि ट्रकांच्या धुळीने तुळशीवृंदावनंसुद्धा तांबडी झाली, त्याच वर्षांत हे चषक येत होते. आम्ही ते आनंदाने बघितले. मीही बघितले. क्लबवाल्यांना दोष देत नाही, खेळाडूंना तर मुळीच नाही. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने मांडावेत. २०१२ ला खाणी बंद पडल्या. २०१६ ला साळगावकर, देंपो आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले (देंपो २०२४ मध्ये परतला). मधल्या काळात एफसी गोवा उभा राहिला आणि ब्राझील, मोरोक्को, स्पेनचे खेळाडू येऊ लागले. पेन्या त्या बदलाचं फळ. तो इथे आला तेव्हा गवळी-नाईकांचं युग संपलेलं होतं.

पेन्या २०२२ मध्ये पुन्हा आला, या वेळी प्रशिक्षक म्हणून. त्याच्या आधी त्या खुर्चीवर डेरिक परेरा होते, तेही एके काळचे बॅक. पण संघ सातवा आला आणि वर्षभरात तो गेला. चांगल्या बॅकला दुसऱ्याला उभं राहायला शिकवता येतंच असं नाही, हे माझं मत. त्याच्यानंतर मानोलो मार्केस आला, तोही बार्सिलोनाचा. मार्केसने २०२४ मध्ये भारतीय संघाचीही धुरा घेतली तेव्हा त्याचा मदतनीस होता महेश गवळी.

भाचा मोठा झाला. टीशर्ट त्याला होईना. तो आता धोंड आहे, पाच दिवसांचं व्रत करतो, हातात वेताची काठी घेऊन होमखणातून जातो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, जत्रेच्या पहाटे तो तिथेच होता. ३ मेची ती पहाट. उतारावर गर्दी लोटली, माणसं माणसांवर पडली. सहाजण गेले, कित्येक जखमी. आमचा फोन लागत नव्हता. सकाळी सातच्या सुमाराला तो अनवाणी दारात येऊन उभा राहिला, काठी नव्हती. एका म्हातारीला भिंतीकडे ढकलून तिच्यापुढे उभा राहिलो, एवढंच बोलला. बहिणीने त्याला आधी पाणी दिलं.

त्याच रात्री भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना होता. गोव्याने जमशेदपूरला ३-० हरवलं, बोर्हा हेरेराने दोन गोल मारले. आम्ही टीव्ही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा भाच्याने पहिलं पान उलटून खेळाचं पान काढलं, निकाल वाचला आणि विचारलं, "मामा, बॅक कोण होते, ते दिलंय काय?"

दिलं नव्हतं.