हमीचे कलम

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची जुनी इमारत उभी राहिली ती विद्यार्थ्यांसाठी नव्हे. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीची ती मुख्य कचेरी होती, आणि ज्या लोहमार्गाने पुढे हुबळीचे भाग्य पालटले त्याचे दस्तऐवज तिच्या दप्तरात बांधलेले असत. मार्गाचा इतिहास लिहिणारे पूल आणि बोगदे मोजतात. मला मात्र त्याच्या करारनाम्यांचे मोल अधिक वाटते.

त्यापूर्वी ह्या प्रांताचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरत कुमठ्याच्या बंदरात जाई, आणि धारवाडच्या काळ्या मातीत पिकलेल्या त्या मालाला बाजारात नाव मिळे ‘कुमठा’. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेत कापसाचा दुष्काळ पडला, तेव्हा कारवार बंदर वाढावे म्हणून १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. पण रेल्वे गेली ती कारवारला नव्हे, पोर्तुगीजांच्या मुरगावला.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. उभयतांमधील जकातीची नाकी उठली, गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले, आणि मोबदला म्हणून पोर्तुगीज खजिन्यास सालीना चार लक्ष रुपये देण्याचे ठरले. १८८१ साली मुरगाव रेल्वेचा मक्ता एका इंग्रज कंपनीस देताना मूळच्या आठ लक्ष पौंड भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने लिहून दिली, आणि तिच्या भरपाईसाठी हेच चार लक्ष रुपये बांधून टाकले. हमीचे कलम दिसायला लहान, पण त्याचा अर्थ असा की गाडी भरून धावो वा रिकामी, लंडनमधील भागधारकाचे व्याज चुकत नाही. तूट येईल ती हमीदाराने सोसावी.

आणि हमीदाराच्याही मागे कोण उभा होता? खाडीचे पाणी बांधाआड घेऊन उन्हात आटवणारा, भल्या सकाळी लाकडी फावड्याने पांढरे ढीग ओढणारा गोव्याचा मिठागरी. त्याचे मीठ मोजले गेले, अडवले गेले, आणि त्या अडवणुकीचा मोबदला लोहमार्गाच्या व्याजास तारण पडला. मसुद्यावर दोन्ही पक्षांच्या कायदेपंडितांनी नजर फिरवली असेल. ह्या तिसऱ्याचे वकीलपत्र कोणी घेतले नव्हते. १८८८ साली कॅसलरॉकपाशी सदर्न मराठा आणि मुरगाव हे दोन्ही मार्ग जोडले गेले. अंमल सुरू झाल्यापासून बारा वर्षांची मुदत भरताच १८९२ साली तह संपला, चार लक्षही थांबले. हमी मात्र कायम राहिली. १९०२ पासून हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेच चालवू लागली.

पुढे घोरपड्यांच्या संडूर संस्थानातील मँगनीज एका बेल्जियन कंपनीने खणले, ते ह्याच लोहमार्गाने घाट उतरून मुरगावला गेले. त्यामागून लोहखनिज आले. आज आफ्रिकेतील खाणीत वा बंदरात भांडवल घालू पाहणाऱ्यास सल्ला देणारा वकीलही प्रथम हमीचे हेच कलम उलगडतो: तोटा आल्यास तो कोणी भरायचा? गावकऱ्यांचे नाव त्या उत्तरात क्वचितच येते, हे मला खुपते.

म्हणूनच धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने २००९ साली बळ्ळारीतील लोहखनिजाच्या बेकायदा खाणींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज मला ह्या इतिहासातील मोठी घटना वाटते. जुलै २०११ मध्ये तेथील खाणकाम थांबले. एप्रिल २०१३ च्या निकालाने खाणपट्ट्यांची सीमोल्लंघनाच्या प्रमाणात तीन वर्गांत विभागणी झाली आणि सर्वांत दोषी वर्गातील पट्टे रद्द झाले.

मे २०२२ मध्ये कॅसलरॉक ते कुळे ह्या टप्प्याच्या दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरीही त्याच न्यायालयाने रद्द केली. घाट तोच होता. ह्या वेळी तक्रार घेऊन पुढे आलेली संस्था गोव्याची होती.