मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

“मोतीबिंदू पिकू दे, मग बघू,” असं कोडोलीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावांत जुनी माणसं अजून म्हणतात. जुन्या शस्त्रक्रियेत दहा-बारा मिलिमीटरची चीर देऊन टणक गर अख्खा बाहेर काढत. तेव्हा हे बरोबरच होतं.

1967 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी दातांचं कीटण काढणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्रावरून नवी युक्ती काढली: गर डोळ्यातच फोडायचा आणि तीनेक मिलिमीटरच्या चिरेतून ओढून घ्यायचा. हीच ‘फेको’. पहिल्या रुग्णात अल्ट्रासाउंड 76 मिनिटं चालला. आधीच अंध असलेला तो डोळा वाचला नाही.

तेव्हापासून प्रत्येक यंत्राची परीक्षा एकच: किती कमी ऊर्जेत काम होतं? जास्त ऊर्जेने कॉर्नियाच्या आतल्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. पुढे-मागे हलणारी सुई तुकडे दूर ढकलते. आडवी डोलणारी कमी ढकलते, म्हणून ऊर्जा वाचते.

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात 400 डोळ्यांवर फेको आणि हाताने केलेली लहान चिरेची स्वस्त शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. निष्कर्ष 2005 मध्ये आले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगलं दिसणारे 81 विरुद्ध 71 टक्के. चष्म्यासह दोन्हीकडे 98. दोन्ही पद्धती सुरक्षित ठरल्या.

पण मोतीबिंदू जितका पिकेल तितका टणक, आणि फोडायला तितकी जास्त ऊर्जा. म्हणून आजी-आजोबांना आता थांबायला सांगू नका.