शेवटचा खांब पडला की जग संपणार? हरिश्चंद्रगडावर जाण्याआधी हे वाचून घ्या

अंधारी गुहा, कमरेएवढं पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग आणि त्याच्याजवळ उभा असलेला एकच खांब. मागे डमरूचं म्युझिक आणि वर मजकूर : 'चौथा खांब तुटला की कलियुग संपणार'. ही रील तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेली असेल. दर पावसाळ्यात ती नव्याने फिरते आणि पुढच्याच शनिवारी पाचनईत गाड्यांची रांग लागते.

रीलमधली जागा खरी आहे. ती म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडावर असलेलं केदारेश्वराचं लेणं. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४२४ मीटर. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमा इथे येऊन भिडतात, त्यामुळे गडावर यायच्या वाटाही तिन्ही जिल्ह्यांतून आहेत.

आता खांबाची गोष्ट. लिंगाभोवती चार खांब होते, त्यातले तीन मोडले, एक शाबूत आहे. लोककथा अशी की चार खांब म्हणजे चार युगं. सत्ययुग संपलं तेव्हा पहिला पडला, त्रेतायुगाबरोबर दुसरा, द्वापाराबरोबर तिसरा. उरला तो कलियुगाचा.

ऐकायला भारीच वाटतं, पण हिशेब करून बघा. पारंपरिक गणनेप्रमाणे कलियुग सुरू झालं इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये. म्हणजे तिसरा खांब पाच हजार वर्षांपूर्वीच पडलेला असायला हवा आणि पहिला तर त्याच्याही लाखो वर्षं आधी. सह्याद्रीत लेणी खोदायला सुरुवात झाली ती साधारण दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वी. भाजे हे त्यातलं सुरुवातीच्या काळातलं लेणं. बेसॉल्टसारखा कठीण खडक कोरायचा तर लोखंडाची छिन्नी लागते. त्यामुळे त्रेतायुगात पडायला इथे खांबच नव्हता.

आणि उरलेला खांब पडलाच तर छत कोसळेल का? इथे बांधलेलं मंदिर आणि कोरलेलं लेणं यातला फरक समजून घ्यायला हवा. बांधलेल्या मंदिरात खांब आधी उभे राहतात, मग त्यावर तुळया आणि छत चढतं. लेण्यात उलटं असतं. डोंगर पोखरत जायचं आणि जिथे खांब हवा तिथला दगड तेवढा सोडायचा. छत म्हणजे वरचा डोंगरच. त्यामुळे खांब मोडला तरी छत बऱ्याचदा जागच्या जागी राहतं. मुंबईजवळच्या घारापुरीच्या मोठ्या लेण्यात कितीतरी खांब मोडले होते, छत तरीही टिकलं. नंतर खांब दुरुस्त करून पुन्हा उभे केले गेले. केदारेश्वरात तर तीन खांब गेल्यावरही छत समोर दिसतंच आहे.

याचा अर्थ उरलेल्या खांबाला टेकून फोटो काढायला हरकत नाही, असा अजिबात नाही. तो पाण्यात उभा आहे, ओलाव्याने दगड झिजतो, फटी रुंदावतात. त्याला पाठ लावून, हात टाकून, कधी पाय रोवूनही पोझ दिल्या जातात. युगापेक्षा या पोझचीच भीती जास्त वाटावी अशी परिस्थिती आहे.

दुसरा व्हायरल दावा : इथलं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं गार असतं, हा चमत्कार आहे. पाणी गार असतं हे शंभर टक्के खरं. पण लेण्यात ऊन पोहोचत नाही आणि खडकातून झिरपणाऱ्या पाण्याचं तापमान वर्षभरात फार बदलत नाही. एप्रिलमध्ये दोन तास घाम गाळून आलेल्या माणसाला तेच पाणी बर्फ वाटतं. लिंगाला प्रदक्षिणा घालायची तर याच पाण्यातून चालावं लागतं आणि तळाला काय आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात समोरचा ओढा भरून वाहतो, तेव्हा लेण्यात जाता येत नाही. रील बघून जुलैमध्ये येणारे बरेच जण इथूनच हात जोडून परततात.

गंमत म्हणजे केदारेश्वराच्या नादात मुख्य मंदिरच दुर्लक्षित राहतं. जवळच हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर आहे. उंच, कोरीव शिखर, आजूबाजूला कातळात खोदलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी. शिलाहार राजा झंज याने नद्यांच्या उगमाशी बारा शिवमंदिरं बांधली आणि मंगळगंगेच्या उगमाजवळचं हे त्यातलंच एक, असं परंपरा सांगते. शेजारी सप्ततीर्थ नावाची पुष्करणी आहे. तिच्या एका बाजूला ओळीने चौदा कोनाडे आहेत. त्यात पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या, आता कोनाडे रिकामे दिसतात.

मराठी वाचणाऱ्याने इथे थांबावं असं खरं कारण वेगळंच आहे. चांगदेवांनी या गडावर राहून तपश्चर्या केली आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला. त्याचा काळ शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२ सांगितला जातो. वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले चांगदेव ते हेच, अशी समजूत आहे. मंदिराच्या आवारात चांगदेवांचा उल्लेख असलेले कोरीव लेखही आहेत. सातशे वर्षांपूर्वीची मराठी अक्षरं दगडावर समोर असताना लोक नेटवर्क शोधत फिरतात, हे जरा विचित्रच. नेटवर्क तसंही मिळत नाही.

जायचं कसं? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सरळ पाचनई गाठावं. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना राजूरमार्गे हे गाव सोयीचं. पायथ्यापासून मंदिरापर्यंत दोन-अडीच तासांची मळलेली वाट आहे. एका बाजूला डोक्यावर आलेला कातळ आणि पावसाळ्यात त्यावरून पडणारे धबधबे. पुण्याकडून येणारे आळेफाटा-माळशेज रस्त्यावरच्या खुबी फाट्याहून खिरेश्वरला जातात. खिरेश्वरात नागेश्वराचं जुनं मंदिर आहे, ते बघून निघावं. तिथून तोलार खिंडीची वाट आहे, पण ती लांब आहे. खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळटप्पा येतो आणि त्यापुढे पठारावर एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या नि झाडी. धुकं उतरलं की चुकायला होतं ते नेमकं इथे. तिसरी, ठाणे जिल्ह्यातून चढणारी नळीची वाट. तिचे व्हिडिओ छान दिसतात, पण तिथे दोर, हेल्मेट आणि जाणकार माणूस नसेल तर जाऊच नये.

ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले काही ट्रेकर गडावर वाट चुकले, पावसात आणि थंडीत अडकले आणि त्यातल्या एकाचा जीव गेला. गडाच्या पश्चिमेला असलेल्या कोकणकड्यावर जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत यांच्यासारख्या दांडग्या अनुभवाच्या गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. कड्याची कड अर्धगोल, आतल्या बाजूला वळलेली आहे. वरून उभं राहून आपण कशावर उभे आहोत ते दिसत नाही. कडेला जायचंच तर पोटावर झोपून बघायचं, आणि जोराचा वारा किंवा ओला दगड असेल तर तेही नाही. नशीब असेल तर इथे इंद्रवज्र दिसतं : समोर ढग, पाठीमागे सूर्य आणि ढगावर गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपलीच सावली. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते इथे पाहिल्याची १८३५ ची नोंद प्रसिद्ध आहे.

केदारेश्वराच्या पाण्यात उतरायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी कडाक्याची असते, साध्या चादरीने भागत नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे प्रवेश शुल्क, मुक्काम आणि शेकोटीचे नियम असतात. ते वेळोवेळी बदलतात, म्हणून पाचनईत चौकशी करूनच वर चढावं. तिथेच जेवणाचंही सांगून ठेवता येतं. पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो. पावसाळ्यात जाणार असाल तर जेवणासोबत गावातला एक वाटाड्याही ठरवा, आणि परत खाली आलात की त्याच घरी सांगून मगच गाडी काढा.